झाकलेल्या नावाची काच

माणसाच्या डोक्यात नेमकं काय शिजतंय, हे ब्रह्मदेवाच्या खालोखाल कुणाला कळत असेल तर ते आमच्या थोरल्या डॉक्टरांना. दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. तमिळ मुलखातल्या नुंगंबाक्कमच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या गाठींचे पातळ काप काचेवर येत, आणि गाठ किती वाईट ते सर एक ते चारमध्ये ठरवत. चार म्हणजे सगळ्यांत वाईट. मी साताऱ्याहून शिकायला आलेली. दोघांनी एकदम पाहायच्या सूक्ष्मदर्शकावर त्यांच्या समोर बसायची. पेशी ते तमिळमध्ये मोजत, अहवाल इंग्रजीत सांगत, आणि रागवायला मात्र पूर्वजांबरोबर तंजावरला आलेली मराठी राखून ठेवलेली. सर्जनने अहवालाची घाई केली की फोनवर ओरडत, ‘‘इडली वाफेवर आहे, झाकण काढूं नका!’’ पलीकडच्या तमिळ सर्जनला त्यातलं अक्षर कळत नसे, पण तो फोन ठेवून देई.

सगळ्यांत मोठा हट्ट नावाचा. वय, स्कॅन, सगळं मी वाचून दाखवायचं. काचेवरच्या नावावर मात्र चिकटपट्टी लावायची. ‘‘नांव वाचलें की डोळा भितो, पोरी,’’ म्हणत. आधी आकडा, मग माणूस.

एकदा तिरुच्चीहून दुसऱ्या मतासाठी काच आली. काचेवर पट्टी लावली आणि कागदावरचं नाव दोनदा वाचलं. दर शनिवारी ज्याच्याशी सर फोनवर तासभर भांडत, तो त्यांचा तंजावरचा धाकटा भाऊ. त्याने आजार लपवला होता. ‘‘सर, ही उद्या पाहू,’’ म्हणेपर्यंत काच भिंगाखाली गेलीसुद्धा.

‘‘मधें मेलेल्या पेशी, भोवतीं बाकीच्यांचं कुंपण. अय्यो, चारच. नांव काय?’’

मी कागद पालथा ठेवला. त्यांनीच पट्टी सोलली.

मग एवढा जाणता माणूस दुपारभर ती एकच काच पाहत बसला. कॉफी आली, गार झाली. शेवटी खुर्ची मागे सरकवून म्हणाले, ‘‘तूं पाहा. तीन म्हणतां येईल का?’’

मी पाहिलं, पुन्हा पाहिलं. आयुष्यात इतकं खोटं बोलावंसं कधी वाटलं नव्हतं. ‘‘नाही, सर. चारच.’’

‘‘बरें शिकलीस,’’ ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

ते भावाजवळ राहायला तंजावरला गेले, ते परतले नाहीत. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. समोर बसणारी मुलं हुशार आहेत, मी म्हणेन त्याला मान डोलावतात. सरांची फार आठवण येते. चार लिहायला पेन उचललं की वाटतं, त्यांनी समोरून एकदा तरी खेकसावं, ‘‘घाई केलीस, पोरी. तीनच आहे.’’