वाय-फायला अप्पांचं नाव

माकणीच्या अलीकडे आमची शाळा. तिथं देणगीची एक रीत आहे. वस्तू दिली की तिच्यावर देणगीदाराचं नाव रंगवायचं. घड्याळ, कपाट, पाण्याची टाकी, सगळ्यांवर नावं. एका गृहस्थांनी पंखा दिला आणि पात्यांवर नाव लिहून घेतलं. पंखा फिरला की नाव दिसेना, म्हणून ऐन उन्हाळ्यात ते येऊन पंखा बंद करून जायचे. मी मुख्याध्यापिका. घाम पुसत त्यांना चहा द्यायची.

त्या वर्षी आमचे गणिताचे गुरुजी बदली होऊन परंड्याला गेले. त्यांच्या जागी कोणी येईना आणि आठवीच्या पोरांची शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर. गुरुजी भला माणूस, आठवड्यातून तीनदा व्हिडिओवरून शिकवतो म्हणाले. शाळेत टीव्हीही होता, झालर लावून झाकलेला. नव्हतं ते इंटरनेट. सरकारी इंटरनेटची तार ग्रामपंचायतीत येऊन पडली होती, पण तिथून शाळेला जोडणी द्यायची म्हटलं की सरपंच दोन वर्षं 'ठराव घेऊ' म्हणत होते. माझ्या मोबाईलच्या चिमूटभर रेंजवर गुरुजी त्रिकोण काढायला घ्यायचे आणि दुसऱ्याच बाजूला अडकून बसायचे. पोरं हसायची, मला रडू यायचं. आणि रडू आलं की मला खोड्या सुचतात.

गावातले भुसार व्यापारी अप्पा हे आमचे सगळ्यात मोठे देणगीदार. वर्षभराचं इंटरनेट द्या म्हणून मी त्यांच्या दुकानी गेले. जी वस्तू दिसतच नाही तिच्यावर नाव कुठं टाकणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लोकांच्या मोबाईलवर. शाळेच्या वाय-फायलाच तुमचं नाव ठेवते. अप्पांनी पानाचा डबा मिटला. दुसऱ्या दिवशी केबलवाला शाळेत हजर.

सरपंचांचं घर शाळेच्या भिंतीला लागून, आणि गेल्या निवडणुकीपासून त्यांचं अप्पांशी वाकडं. आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या मोबाईलवर, वाय-फायच्या यादीत सगळ्यात वर त्यांना अप्पांचं नाव दिसायला लागलं, तेही आडनावासकट. नाव बदला, म्हणून ते दोनदा शाळेत आले. देणगीदाराचं नाव खोडायची आपल्यात रीत नाही, असं मी दोन्ही वेळा अगदी गरीब चेहऱ्यानं सांगितलं. चौथ्या दिवशी ठराव झाला. आठवड्याच्या आत सरकारी तार शाळेत आली आणि तिचं बिल पंचायत भरणार असंही ठरलं. अट एकच, या नव्या वाय-फायला सरपंचांचं नाव. मी कशाला नाही म्हणते?

गुरुजींचे त्रिकोण पुरे व्हायला लागले. पोरं झरझर गणितं सोडवत होती. मला मात्र मनातून लाज वाटत होती, कारण अप्पांना मी नुसतं वापरून घेतलं होतं. पुढच्या वर्षापासून तुमच्यावर भुर्दंड नको, तुमची लाईन बंद करते, असं सांगायला मी दुकानी गेले आणि ओघात सगळा डाव कबूल करून माफी मागितली. अप्पा गव्हाचे दाणे तळहातावर चाळवत ऐकत होते.

"बाई, त्यो नागडा हिंडत व्हता तवापास्नं म्या त्याला वळखतो," ते म्हणाले. "तुमी नाव म्हणलात तवाच मला कळलं, हे कुणाला टोचायचंय. लाईन बंद करू नका. माजं नाव दिसतंय तवरच त्यो तुमचं बिल भरल."