डब्यातला फोरमन

गेल्या वर्षी आमच्या दुर्गजवळच्या मरोद्याच्या घरी कॉम्प्युटरचा एक जुना डबा कोपऱ्यात मांडला. त्यात गाणी आणि फोटो भरायचे होते. ते भरायच्या आधी किस्सेच एवढे जमले, की आता कोणी चहाला आलं की एखादा आपोआप बाहेर पडतो. मी सातवी शिकलेला, स्टील प्लांटमधला रिटायर फिटर. समजलं तेवढं सांगतो.

सून रश्मी म्हणाली, "बाबा, सगळ्या कॅसेटी, शादी के व्हिडिओ, फोटो एकाच जागी ठेवू. घरातल्या कोणत्याही टीव्हीवर दिसतील."

मला एकाच कॅसेटची काळजी होती. तिच्यात आमच्या शांतेनं म्हटलेली भुलाबाईची गाणी आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या कोजागिरीला मीच भरली होती. दोन वर्षांपूर्वी शांतेच्या घशाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती कुजबुजल्यासारखं बोलते. तिला वाईट वाटू नये म्हणून मी घरात गाण्याचा विषयच बंद केला. पण कॅसेटची फीत चिकटायला लागली होती. ती गेली असती तर आवाजच गेला असता.

रश्मी म्हणाली, "पहिले ऑपरेटिंग सिस्टीम निवडावी लागेल."

मी विचारलं, "ते काय असते?"

ती उत्तर शोधत होती, तेवढ्यात माझा मित्र वानखेडे बोलला. तो इलेक्ट्रिकलमधून रिटायर झालेला. "फोरमन न बे! सोता पाना हातात घेत नाही, पन त्याच्याबिगर कोनी हालत नाही!"

मला तिथंच समजलं.

*

पहिला फोरमन दिसायला देखणा. रंगीत चित्रं, खिडक्या, सगळं. शेजारचे साहूजी लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ घेऊन आले. टीव्हीसमोर घरचे सगळे बसले. नवरी हार घालायला हात उचलते, आणि पडदा निळा! नवीन काहीतरी भरून घेतो, थांबा, म्हणे.

आम्ही थांबलो. चहा झाला, भजी झाली. साहूजी हात जोडून उठले. "मोर समधी घलो अतेक नखरा नइ करे रिहिस!"

म्हणजे खुद्द व्याह्यांनीही लग्नात एवढे नखरे केले नव्हते. त्या फोरमनला आम्ही त्याच दिवशी रिटायर केलं.

*

दुसरा लिनक्स नावाच्या घरातला. फुकट मिळाला म्हणून वानखेडे खूश. पण त्याला चेहराच नाही! काळा पडदा, त्यावर एक पांढरी रेघ लुकलुक करते. मी खुर्ची घेऊन तासभर त्याच्यापुढं बसलो. मला उत्सुकता, की हा आता काय करेल. त्यानं काहीच केलं नाही.

"रश्मी, हा तर कामच करून नाही राहिला."

"सब कर रहा है, बाबा. फक्त बोलत नाही."

शांता मेथी निवडत होती. हळूच म्हणाली, "मंग दुसरा कायले आनला? घरात एक होताच की!"

रश्मी माझ्याकडं बघून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. ते मीच आणलं.

*

तिसरा बसवताना वानखेडेनं डबा उघडून आतली वायर बदलली. वायर बदलताना स्विचला लाल कार्ड बांधलं: 'काम चालू आहे, हात लावू नये.' प्लांटचा नियम असा, की ज्यानं कार्ड बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्यानं सोडलं आणि करंट सुरू केला, तर माणूस जातो.

काम झालं आणि वानखेडे कार्ड विसरून दुर्गला गेला. मोहन नगरात त्याची मुलगी राहते. आठ दिवस तिकडंच!

रश्मी कार्ड सोडायला गेली, तर मी आडवा आलो. "हात लावू नको, बेटा."

"अरे बाबा, ये घर है! आत कोणी माणूस नाही!"

ते मलाही दिसत होतं. पण चाळीस वर्षांची सवय, हात पुढं होईना. फोन केला तर वानखेडे म्हणाला, "मी बांधलं, मीच सोडीन." ऑटो करून आला, कार्ड सोडलं, खिशात घातलं आणि त्याच ऑटोनं परत गेला. चहासुद्धा घेतला नाही!

*

हा तिसरा फोरमनही लिनक्सच्याच घरातला, पण चेहरा असलेला. फोनवरून चालतो. मी म्हटलं, "एक डिस्क बिघडली तर?" रश्मीनं सिविक सेंटरच्या बाजारातून दुसरी आणली. एकीवरचं सगळं दुसरीवर आपोआप उतरतं. मग शांतेची कॅसेटही तिनं त्यात उतरवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

वानखेडेचा एकच प्रश्न. "रजिस्टर ठेवते का हा? कोन आलं, कोनी काय चालवलं?"

"सब लिखता है, काका."

"मंग हाच!"

रश्मीनं शांतेच्या हातात रिमोट दिला. तिनं बटण दाबलं, लग्नाचा फोटो आला. भुलाबाईच्या गाण्यांचं नाव त्याच्या खालीच होतं. तिनं ते वाचलं, टीव्ही बंद केला आणि भाजी टाकायला गेली.

मला वाटलं, चुकलंच आपलं.

*

महिन्यानंतर वानखेडे रजिस्टर तपासायला आला. चष्मा लावून फोनवर वाचता वाचता थांबला. "रोज दुपारी सव्वातीन. हॉलचा टीव्ही. भुलाबाई. पन या टायमाले तर तू माझ्याकडं कॅरम खेळत असते बे!"

शांता साहूजींच्या घरी गेली होती. रश्मीनं फोन हातात घेतला. "आई गाणं ऐकतच नाहीत, बाबा. सीधे आखिर में जाती हैं. शेवटचं अर्धं मिनिट."

तिनं ते लावलं. गाणं संपतं. बांगड्या वाजतात. मग एका तरुण माणसाचा आवाज येतो, "शांता, अजून एक म्हण न."

खट्. कॅसेट संपते.

"कोन हाय रे हा?" वानखेडे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी कॅरमला गेलो नाही. सव्वातीनला हॉलमध्ये आलो. शांता रिमोट घेऊन बसली होती. मला पाहून दचकली. मी तिच्याजवळ बसलो. बोलायला मला नेहमीच वेळ लागतो, तसा लागला.

"शांता, अजून एक म्हण न."

तिनं आधी टीव्ही बंद केला.