फाटक नसलेली शाळा

लातूरच्या आमच्या शाळेला फाटक नव्हतं. म्हणजे दोन दगडी खांब होते, खांबांना बिजागऱ्याही होत्या, पण बिजागऱ्यांत दारं नव्हती. दारं होती ती मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि शाळेच्या मावशी त्यांच्यावर फरशीची फडकी वाळत घालायच्या. नवीन पालक खांबांकडं बघून हळूच विचारायचे, "चोरीला गेलं का हो फाटक?" मी सांगायची, "नाही, आमच्या मोठ्या बाईंनी काढून ठेवलंय." मग ते आणखीच बुचकळ्यात पडायचे.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. भूकंपाच्या पहाटे त्यांच्या भावाच्या घराचं दार चौकटीत असं आवळलं, की आतून ओढून उघडेना. भाऊ माळवदाच्या मातीच्या छताला पडलेल्या भगदाडातून निघाला. वहिनी मात्र दाराशीच राहिली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, डबा खाताना, आणि सांगून झाल्यावर लोणच्याची बाटली माझ्याकडं सरकवली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली, तेव्हा फाटकाची दारं उतरलेली होती आणि वर्गांच्या बाहेरच्या कड्याही गायब होत्या.

मी नांदेडची, लग्न होऊन लातूरला आलेली शिक्षिका. भूकंपाची पहाट मीही अंगणात काढलेली होती, पुढचे कितीतरी दिवस आमचं सगळं घर बाजा टाकून बाहेरच झोपत होतं. त्यामुळं बाईंचं मला कळत होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्याला हसू नये. पण त्या ताकाच्या पेल्यात माझी लेक बसलेली होती. भूकंपानंतर काही वर्षांनी ती आमच्याच शाळेत यायला लागली, आणि बिनदाराच्या त्या दोन खांबांपासून डांबरी रस्ता जेमतेम चार पावलांवर होता.

बाईंनी आणखी एक शिस्त लावली होती, तीन टोलांची. तीन टोल पडले, की हातातलं टाकायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, रांगेनं बाहेर पडायचं, रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या मोकळ्या रानात लिंबाखाली मांडी घालून बसायचं. मग वर्गबाईंनी हजेरी घ्यायची. शाळेचं स्वतःचं मैदान होतं, पण भूकंपानंतर स्लॅबखाली पोरं बसवायला कुणी तयार होईना, म्हणून मैदानावर पत्र्याच्या खोल्या उठल्या होत्या. मोकळी जागा म्हणजे समोरचं रानच. त्या वेळी त्या रस्त्यानं एखादी एसटी जायची, एखादी बैलगाडी जायची, आणि गाडीवान आमच्या रांगा संपेपर्यंत बैलांच्या शेपट्या धरून कौतुकानं बघत थांबायचा.

मग लातूरला शिकवण्यांचा पूर आला. बारावीच्या निकालात आमच्या गावाचं नाव गाजायला लागलं आणि जळकोटपासून धर्माबाद-हिमायतनगरपर्यंतची पोरं ट्रंका घेऊन येऊ लागली. ज्याच्या घरात दोन खोल्या त्यानं एक भाड्यानं दिली, ज्याच्या घरात एकच त्यानं वर पत्रे टाकले. चहाच्या टपरीवर लोक राजकारण सोडून सेंद्रिय रसायनशास्त्रावर बोलायला लागले. समोरच्या रानातला लिंब तुटला आणि तिथं तीन मजली इमारत उभी राहिली, तिन्ही मजल्यांवर क्लास. आमची शाळा सुटायची आणि त्यांची बॅच सुटायची वेळ नेमकी एक. इकडून आमची चिल्लीपिल्ली, तिकडून शंभर सायकली, मधून मोंढ्याच्या बाजाराकडं जाणारे सोयाबीनचे ट्रक, आणि दारात लटकलेल्या माणसांसकट काळ्या-पिवळ्या जीपा.

त्या गर्दीत रोज दुपारी एका हातात शिट्टी आणि दुसऱ्या हातात छडी घेऊन मी उभी राहायची. छडी पोरांना कधी लागली नाही, पण सायकलींच्या कॅरिअरवर भरपूर वाजली. बारावीची पोरं मला लांबूनच बघून खाली उतरायची आणि सायकल हातानं ढकलत, मान खाली घालून, माझ्या समोरून जायची. एकदा एका जीपवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "मॅडम, तुम्ही मास्तरीण हाव का हवालदार?" मी म्हटलं, "सध्या दोन्ही हाय, अन् पगार एकच हाय. मागं घे जीप." त्यानं घेतली.

रस्ता फुगला, रान गेलं, पण तीन टोल तसेच राहिले. सराव शनिवारी भल्या सकाळी व्हायचा, रस्ता तेव्हा रिकामा असायचा, त्यामुळं कुणाला काही वावगं वाटेना. आम्ही पोरांना नेऊन त्या नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये बसवायचो. म्हणजे भूकंप झाला तर एकमजली शाळेतून पळायचं आणि तीन मजली इमारतीच्या पोटात जाऊन बसायचं. हे माझ्या लक्षात आलं त्या दिवशी मी तडक ऑफिसात गेले.

"बाई, हे आगीतून फुफाट्यात चाललंय," मी म्हटलं.

"मग रस्त्याच्या कडेला बसवा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"रस्त्याच्या कडेला काहून? फाटक बसवा, पोरं आत राहतील."

"तुमचं नांदेडवाल्यांचं आपलं काहून अन् काहून," त्या हसल्या. मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "गाडीला ब्रेक असतोय, बाई. जमिनीला न्हाई. दार अडकलं तर मी कुणाला हाक मारू?"

मी तणतणत ऑफिसातून निघाले. घरी जाऊन मी भांडी आपटली. नवऱ्यानं विचारलं, "आज कुणाचा नंबर?" मी म्हटलं, "मोठ्या बाईंचा." तो म्हणाला, "मग पातेलं तरी जपून आपट, माहेरचं आहे."

गतिरोधकासाठी मी नगरपालिकेत गेले, त्यांनी बांधकाम खात्याकडं पाठवलं. बांधकाम खात्यानं सांगितलं, की रस्ता रुंद होणार आहे, त्यानंतर बघू. म्हणजे सध्या जो मारतोय त्याला आधी धष्टपुष्ट होऊ द्या, मग समजावू. पण रुंदीकरण खरंच निघालं, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

एका सकाळी, पाढे चालू असताना, माझ्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या थरथरायला लागला. मग खिडकीचं तावदान. मग डोक्यावरचे पत्रे असे खडखडले, की पाढ्यांचा आवाज त्यात बुडाला. मी खिडकीतून पाहिलं. खांबांच्या पलीकडं एक नवा पिवळा रोलर खडीवरून चालला होता आणि चालता चालता अंगभर थरथरत होता. असला थरथरणारा रोलर आमच्या रस्त्यानं याआधी कधी पाहिला नव्हता. "काही नाही रे, रोलर आहे," असं मी म्हणेपर्यंत मावशींनी टोल दिला होता. एक, दोन, तीन.

मावशींचा काही दोष नव्हता, त्यांना तसंच सांगितलेलं होतं. आणि पोरांचाही नव्हता. त्यांतल्या बऱ्याच जणांनी भूकंप पाहिलासुद्धा नव्हता, पण तीन टोल त्यांच्या अंगात भिनलेले होते. पाढे जागच्या जागी थांबले, हात खांद्यावर गेले आणि शाळाभरच्या रांगा त्या दोन खांबांकडं निघाल्या. आणि तो शनिवार नव्हता.

मी पळाले. साडी, वय, पदर काही आठवलं नाही. रांगांना मागं टाकून रस्त्याच्या मधोमध गेले, शिट्टी वर्गातच राहिलेली, म्हणून नुसती छडी डोक्यावर फिरवत ओरडत राहिले. मोंढ्याकडं निघालेला एक भरलेला ट्रक समोरून येत होता. त्यानं ब्रेक मारला तो आवाज मला अजूनही कधीकधी पाढे ऐकताना आठवतो. ट्रक थांबला. मी डोळे उघडले तेव्हा मी थांबलेली बघून माझ्या मागं दुसरीचा वर्ग डांबरावर मांडी घालून, शिकवल्याप्रमाणं ओळीत बसत होता. पहिल्या ओळीत माझी लेक होती. तिच्यात आणि ट्रकच्या तोंडात एखाद्या सतरंजीएवढं अंतर होतं.

यापुढं जे झालं ते फक्त आमच्या भागात होऊ शकतं. ट्रकवाला शिव्या द्यायला खाली उतरला, पण रांगेनं बाहेर येणारी पोरं बघून त्याच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. "भुई हलली का?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता शेजारच्या इमारतीपासून लांब, रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. त्याला बघून जीपा थांबल्या, माणसं उड्या टाकून उतरली. क्लासच्या खिडकीतून कुणीतरी खाली पाहिलं आणि तिन्ही मजले जिन्यावरून ओतल्यासारखे खाली आले, पुढं हातात खडू घेतलेले सर. घराघरांतून बायका निघाल्या, एकीच्या हाताला पीठ होतं. बघता बघता सगळा रस्ता माणसांनी भरला, सगळे आभाळाखाली, भिंतींपासून लांब. आणि सगळ्यांत मजा म्हणजे रोलरवाला. त्यानं मागं वळून ही गर्दी पाहिली, रोलर बंद केला, खाली उडी मारली आणि पळत येऊन मलाच विचारलं, "काय झालं बाई, लई मोठा व्हता का?"

रोलर बंद झाल्याबरोबर जमीनही थांबली. हळूहळू एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं, पण पहिल्यांदा बोलायचं कुणी, ही पंचाईत. शेवटी पिठाचे हात झालेली बाई रोलरकडं बघून म्हणाली, "आगं बया, ह्यो व्हय तो." मग जे हसू फुटलं ते थांबेना. ट्रकवाला हसत होता, सर हसत होते, रोलरवाला तर पोट धरून खडीवर बसला. आमची पोरं मात्र मांडी घालून गंभीरपणे हजेरीची वाट बघत होती, कारण नियम म्हणजे नियम. मी हजेरी घेतली. भर रस्त्यात, दोन्हीकडं गाड्या तुंबलेल्या असताना. प्रत्येक 'हजर'ला माझे पाय थोडे थोडे जमिनीवर येत होते.

मोठ्या बाई नियमाप्रमाणं सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या. त्या हसल्या नाहीत. पहिल्या ओळीपाशी आल्या, माझ्या लेकीच्या डोक्यावर एक हात ठेवला आणि दुसरा हात ट्रकच्या तोंडावर. इंजिन तापलेलं होतं, तरी त्यांनी तो पटकन उचलला नाही. मग म्हणाल्या, "चला लेकरांनो, आत." एवढंच.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. "फाटक बसवू," म्हणाल्या. "पण मला दुसरी वाट पाहिजे. मोकळ्यात जाणारी."

मोकळी जागा होती, अगदी पाठीशी. मागच्या भिंतीपलीकडं वस्ती होती, वस्तीचा बुद्धविहार होता आणि विहारापुढं चांगलं पटांगण होतं. ती भिंत समोरच्या भिंतीपेक्षा हातभर उंच होती आणि वर काचा लावलेल्या होत्या. वस्तीतली पोरं आमच्याच शाळेत होती, आणि भिंतीला वळसा घालून, त्याच मेल्या रस्त्यानं रोज यायची. आम्ही दोघी संध्याकाळी विहारात गेलो. समितीचे अध्यक्ष एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. त्यांनी सतरंजी टाकली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"एसटीला पण संकटकालचं दार असतंय, मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या शाळेलाच न्हाई. आम्ही कवाच हो म्हणलं असतं. पण भिंत तुमची हाय, इचारायचं तुम्ही." आम्ही दोघींनी चहाच्या कपात बघितलं. मग तेच हसून म्हणाले, "पहार हाय का, का तीबी आमचीच आणायची?"

पहार त्यांचीच आली. पुढच्या रविवारी भिंतीला वाट पडली, काचांसकट, आणि पहिला घाव मोठ्या बाईंनी घातला. पहार त्यांना पेलत नव्हती, पण कुणाला हात लावू दिला नाही. वस्तीतली पोरं सोमवारी सकाळी त्या वाटेनं अशी ऐटीत आली, जणू बाकीचे आम्ही सगळे पाहुणे होतो.

फाटकाची दारं पुसून, रंगवून पुन्हा बिजागऱ्यांत बसली. कुलूप नाही, नुसती कडी. पहिल्या दिवशी प्रार्थनेनंतर बाई स्वतः गेल्या. दारं लोटली, कडी घातली आणि तिथंच उभ्या राहिल्या. हात कडीवरच होता. मग त्यांनी कडी काढली, दार वीतभर उघडलं, पुन्हा लावलं आणि माझ्याकडं न बघता ऑफिसात गेल्या. निवृत्त होईपर्यंत रोज हेच. लावायचं, उघडून बघायचं, पुन्हा लावायचं. मी कधी चिडवलं नाही, आणि मी काय नि किती चिडवते हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं मोठेपण कळेल.

त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीत मी बसले. पहिल्या सकाळी प्रार्थना झाली, मी फाटकाशी गेले, दारं लोटली, कडी घातली. आणि वळणार, तोच हात आपोआप मागं गेला. कडी काढली, दार वीतभर उघडलं, पुन्हा लावलं.

बाहेर एक पालक उभे होते. म्हणाले, "फाटक बिघडलंय का, मॅडम?"

"नाही," मी म्हटलं, "उघडतंय का, ते बघितलं."