रविवारी चालायचं नाही

सोमवारी सकाळी माझे पती वारले. मी चहा ठेवला होता.

लष्करात ते पीटीचे उस्ताद होते. जवानांकडून व्यायाम करून घेत. निवृत्तीनंतर आम्ही फरीदाबादच्या नव्या सेक्टरात फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे निम्मे प्लॉट मोकळे होते आणि बाजाराच्या वरच्या मजल्यावर काचा लावलेली जिम निघाली होती. ऑफिसांतली मुलं पहिल्याच दिवशी जड वजनं उचलायची आणि आठवड्याने दिसेनाशी व्हायची. ह्यांना त्याचं हसू यायचं. माझी ग्रंथपालाची नोकरी बसून झालेली. गुडघे दुखू लागले तेव्हा ते मला समोरच्या बागेत घेऊन गेले.

आधी घोटे, गुडघे, कंबर मोकळी करायची. मग दोन फेऱ्या. पंधरा दिवसांनी तिसरी.

"अहो, आज पाच मारते. दम लागत नाहीये."

"दमाचं नाही, गुडघ्याचं ऐकायचं. आणि तो दुसऱ्या दिवशी बोलतो."

"जवानांचेही असेच लाड करायचात का?"

"जवान हुकूम ऐकायचे. तू पुस्तकं वाचून वाद घालतेस."

रविवारी चालणं बंद. अंग विश्रांतीतच घडतं, असं ते म्हणत. त्या सकाळी ते पोहे करत आणि मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे.

ते गेल्यावर मी अंग मोकळं न करताच आठ-आठ, दहा-दहा फेऱ्या मारू लागले. रविवारी सर्वांत जास्त, कारण त्या दिवशी स्वयंपाकघरातून काहीच आवाज येत नसे. बागेचा चौकीदार एकदा म्हणाला, "आंटीजी, आज तो आपकी छुट्टी होती है ना?" मी मान हलवली आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला. जिना उतरता येईना. तीन आठवडे घरात काढावे लागले, म्हणजे तीन रविवारही. पहिल्या रविवारी मी खोलीचं दार लावून पडून राहिले. दुसऱ्या रविवारचं काही आठवत नाही. तिसऱ्या रविवारी पोहे केले. मीठ जास्त झालं. वर्तमानपत्र उघडलं आणि सवयीने मोठ्याने वाचू लागले. आपलाच आवाज ऐकून अर्ध्या पानावर थांबले. बऱ्याच वेळाने पुन्हा वरून सुरुवात केली आणि पान संपवलं.

आता मी आठवड्यातून सहा दिवस दोन फेऱ्या मारते. रविवारी घरी असते.