मंडपात विचारलेलं वय

बोरी अरबजवळच्या आमच्या खेड्यात नव्या धम्माप्रमाणे पहिलं लग्न मी लावलं, असं अजून कौतुकाने सांगतात. लग्न मीच लावलं. पण त्या मंडपात काय झालं ते कोणी सांगत नाही, म्हणून लिहितो.

धर्मांतराला दोनेक वर्षं झाली होती. मी मॅट्रिक झालेला, विधी शिकून आलेला. त्यात आम्ही पोरांनी आपली एक रीत घातली होती: आधी नवरीला सगळ्यांसमोर वय विचारायचं. कायद्याने पंधरा हवीत. कमी असेल तर लग्न लावायचं नाही. या रीतीचा मला भारी अभिमान.

नवरी शेजारची, सहावीतली. हळदीच्या दिवशी आमच्या दारात आली.

"भाऊ, मले सातवी शिकाची हाये. बाबा माह्यं आयकत नाही. तुमचं आयकतीन."

"उद्या मी वय विचारीन, तेव्हा खरं ते सांग. बाकी माझ्यावर सोड," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मंडपाबाहेर गावातली बडी मंडळी गंमत पाहायला उभी.

"बामनाबिगर लगन लागते काय बे?"

"लागते ना. पन जेवन होयेपर्यंतच टिकते!"

मी वय विचारलं. तिने मान वर करून सांगितलं, "तेरा."

आवाज पुढच्या दोन-चार जणांपुरताच पोचला. मी थांबलो, तसा बाहेरून कोणी ओरडला, "काहून? अडलं काय गाडं?" लग्न मोडलं असतं तर हीच माणसं वर्षभर आमच्या धम्मावर हसली असती. मी मोठ्यांदा म्हणालो, "पंधरा पूर्ण," आणि त्रिशरण सुरू केलं. पोरीने पुन्हा मान वर केली नाही.

पहिल्याच बाळंतपणात ती गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा बाप आला. "भाऊ, धाकटीचं जमलं. लगन तुमीच लावा."

"ती बारा वर्षांची आहे."

"मंग? मोठीच्या वक्ताले तुमीच त पंधरा केले. आता कायले अडून राह्यले?"

मी गेलो नाही. मीच विधी शिकवलेल्या एकाने ते लग्न लावलं. तो नवरीला विचारायच्या भानगडीतच पडला नाही. "पंधरा पूर्ण," असं आपणच जाहीर करून तो मोकळा झाला. पुढे आमच्या भागात तीच रीत पडली.