पडद्यावर काका दिसेनात

माझ्या संगणक वर्गाच्या शेजारच्या गाळ्यात बाइंडरकाका बसायचे. पुस्तकं शिवणं, पुठ्ठे चढवणं, कचेऱ्यांच्या रजिस्टरांना कापडी पाठ लावणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. पण ते शाळेत गेलेले होते, लिहिण्यावाचण्यात पक्के होते. कागद कापताना निघणाऱ्या लांब पट्ट्या ते खिशात ठेवायचे आणि त्यांवर लिहून सगळ्या जगाशी बोलायचे. माझ्या वर्गाच्या पाटीवर शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत, हेही त्यांनी मला पहिल्याच दिवशी अशाच एका पट्टीवर कळवलं होतं.

काकूंचं तसं नव्हतं. ऐकू त्यांनाही येत नव्हतं, पण त्यांना कुणी शाळेत घातलंच नाही. लग्न होऊन आल्या तेव्हा चार-दोन खुणांपलीकडे त्यांच्याकडे भाषाच नव्हती. मग दोघांनी मिळून एक तयार केली. गालावर दोन बोटं म्हणजे समोरची शिंपीण, कोपरावर टिचकी म्हणजे उद्या, आणि हनुवटीखाली मूठ धरली की समजायचं, घरच्या मालकीणबाईंचा, म्हणजे काकूंचाच, पारा चढलाय. ती भाषा दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मूलबाळ नव्हतं. म्हणजे काकूंशी नीट बोलू शकेल असा माणूस जगात एकच.

ही गोष्ट हातातल्या फोनवर माणसं दिसू लागण्याच्या आधीची आहे. त्या वर्षी काका माळ्यावरून कागदाचा गठ्ठा काढताना स्टुलावरून पडले. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर बसलं. बारा दिवसांनी शेजारचे लोक त्यांना उचलून एक्स-रेला घेऊन गेले आणि नेमक्या त्याच सकाळी काकूंच्या पोटात कळा सुरू झाल्या. त्यांचा धाकटा भाऊ धावत आला. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि तडक मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितलं. नऊ तासांचा रस्ता. काका परत आले तेव्हा घराला कुलूप होतं, आणि शिंपिणीच्या हातात मेहुण्याची चिठ्ठी.

तिसऱ्या दिवशी मेहुण्याचा माझ्या वर्गात फोन आला. आतड्यात गाठ होती, वाट बंद झाली होती, ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. पण ताई कुणाला जवळ येऊ देत नव्हती. दोनदा सलाईनची सुई उपटली, अंगठ्यासाठी पुढे केलेला कागद भिरकावला, आणि आता भिंतीकडे तोंड करून पडली होती. बळजबरीने करायला डॉक्टर तयार नव्हते. त्याने खाणाखुणांनी समजावून पाहिलं होतं, पण त्याला तिची भाषा कधी आलीच नव्हती. बोलता बोलता तो रडायला लागला.

इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वाट काढली. तिथल्या डॉक्टरांच्या बैठकांच्या खोलीत कॅमेरा लावलेला संगणक होता. दुसऱ्या दिवशी बारा ते एक खोली रिकामी असणार होती, आणि दोन वाजता ऑपरेशन करता येणार होतं. माझ्याकडे सहा संगणक होते आणि वेबकॅम एक. मागच्याच आठवड्यात मुलांना दाखवला तेव्हा उत्तम चालला होता. मी तो आदल्या दिवशी पुन्हा तपासायला हवा होता. नाही तपासला. त्याची बोच अजून आहे.

बाराला पाच कमी असताना शिंपिणीने आणि मी काकांना खुर्चीसकट आत आणलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस पाणी लावून बसवले होते. फोनवर मेहुणा होता. जोडणी लागली आणि पडद्यावर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या काकू दिसल्या. चार दिवसांत त्यांचा चेहरा ओळखू येईना इतका ओढला होता. काकांचे हात भराभर चालू लागले. काकूंनी मात्र समोर एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

"ताईला काही दिसत नाहीये," मेहुणा फोनवर म्हणाला. "नुसतं काळं आहे."

माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात आमचं चित्र दिसायला हवं होतं, तो चौकोनही काळाच होता. मी वेबकॅमची वायर काढून पुन्हा लावली. काही नाही. संगणकाच्या मागच्या बाजूला लावली. काही नाही. 'कॅमेरा सापडत नाही' एवढं एकच वाक्य पडद्यावर यायचं. संगणक बंद करून सुरू केला, त्यात सहा मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ काकांच्या समोरून काकूही गेल्या. काका एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. परत जोडणी लागली, काकू आल्या, आणि आमचा चौकोन पुन्हा काळा. कॅमेऱ्याची सीडी शोधायला मी कपाटाचे तिन्ही कप्पे जमिनीवर उपडे केले. सीडी मिळाली, सगळं नव्याने भरलं, तरी त्याचा नन्नाचा पाढा चालूच. दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला, तिथेही तेच, म्हणून परत पहिल्यालाच जोडला. बाजारातल्या दुकानात फोन केला तर मालक जेवायला गेलेले, दोननंतर उघडतील.

साडेबारा वाजून गेले. शिंपीण दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. पलीकडे काकूंनी डोळे मिटून घेतले होते, आणि नर्स खुर्ची मागे वळवू की काय असं विचारत होती. मी फोनवर मेहुण्याला सांगितलं की अजून थोडा वेळ बसवा. किती वेळ, असं त्याने विचारलं. काकांनी एक पट्टी माझ्यासमोर सरकवली. तिच्यावर लिहिलं होतं, 'मला गाडीत आडवं टाका. मी जातो.' नऊ तासांचा रस्ता त्यांनाही माहीत होता. मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी दोन्ही तळहात पडद्याच्या काचेवर टेकवले आणि घशातून एक आवाज काढला. सहा वर्षांत मी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. तो ऐकून माझा धीर सुटला. कॅमेरा हातात घेऊन मी टेबलावर आपटलाच असता.

तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. मी सारखी पडदा बघत होते, त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे होतं. मी तो उचलला तेव्हा त्याचा बारीक हिरवा दिवा क्षणभर लुकलुकला होता. त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला आणि शिवलेल्या पुस्तकाची पाठ चाचपावी तशी वायर दोन बोटांत धरून हळूहळू सरकवत नेली. जिथे ती कॅमेऱ्याच्या आत शिरते, तिथे त्यांची बोटं थांबली. वरून रबर धड होतं, आत तार तुटली होती. त्यांनी तिथे वायर दुमडून अंगठ्याने दाबली. दिवा लागला, आणि कोपऱ्यातल्या चौकोनात काकांचा शर्ट दिसला.

सोडली की काळं, दाबली की चित्र. त्यांनी खिशातल्या मेणदोऱ्याने ती जागा आवळून बांधून पाहिली, पण दाब जराही इकडचा तिकडे झाला की दिवा जायचा. आणि त्यांना तर बोलायला दोन्ही हात मोकळे हवे होते. मी वायर माझ्या हातात घेतली, पडद्याच्या वर धरली, आणि श्वास रोखून उभी राहिले.

"ताईला सांगा, बघ म्हणावं," मी फोनच्या दिशेने ओरडले. त्याने काय केलं ते मला दिसलं, त्याने तिची हनुवटी धरून तोंड वळवलं.

काकूंनी डोळे उघडले. मग त्यांनी एक हात उचलून गालाखाली आडवा धरला आणि दुसऱ्याने कपाळापासून पायापर्यंत कापड ओढल्यासारखं केलं. ती खूण मलाही कळली. काकांनी जोरजोराने मान हलवली, स्वतःच्या छातीवर दोन चापट्या मारल्या, आणि खुर्ची मागे सरकवून प्लॅस्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्यासमोर धरला.

पुढे मेहुण्याने सांगितलं, ते असं. गाडीत ताई सारखी काकांबद्दल विचारत होती, तेव्हा 'ते झोपून आहेत, पाय मोडलाय' हे त्याने हाताने दाखवलं होतं. डोळे मिटून, आडवा हात करून. तिने त्यातून एकच अर्थ घेतला. सकाळी उचलून नेलेला नवरा ती निघेपर्यंत परत आलाच नव्हता. तेव्हापासून ती कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

त्या दोघांचं बोलणं पंधरा मिनिटं चाललं. त्यातलं मला काही समजलं नाही. एकदा काकूंनी हनुवटीखाली मूठ धरली, तेवढं समजलं. माझा खांदा बधिर झाला होता, अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या, आणि एकदा चित्र गेलं तेव्हा काकांनी माझ्याकडे न बघताच माझा हात अर्धा इंच वर केला. एकला दोन मिनिटं असताना काकूंनी पुढे केलेल्या कागदावर अंगठा उठवला. नर्सने खुर्ची वळवली. त्या मान मागे करून दिसेनाशा होईपर्यंत बघत होत्या.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. रात्री एकदा रक्तदाब इतका उतरला की मेहुण्याने मला फोन करून काकांना काही सांगू नका म्हटलं, आणि मी सांगितलं नाही. दोन दिवस असेच गेले. काका गाळ्यात बसून एकच रजिस्टर शिवत होते आणि उसवत होते. तिसऱ्या दिवशी काकूंनी पेज मागितली, असा फोन आला.

सव्विसाव्या दिवशी त्या घरी आल्या. पुढची नऊ वर्षं त्या जगल्या. काकांनी त्यांना अक्षरं शिकवायला घेतली, कारण असा प्रसंग पुन्हा नको, असं त्यांनी मला लिहून कळवलं. काकू स्वतःच्या नावापर्यंत आल्या आणि तिथे त्यांनी पाटी बाजूला ठेवली ती ठेवलीच. का, म्हणून मी पट्टीवर लिहून विचारलं. काकांनी काकूंकडे बघून हात हलवले, काकूंनी थोडक्यात उत्तर दिलं, आणि काकांनी ते लिहून माझ्या हातात ठेवलं.

'ती म्हणते, कुणाला पत्र लिहू? हा तर समोरच बसलेला असतो.'