घरचा अंदाज

आमच्या शेजारचा वीटवाला म्हणजे मोठा गप्पिष्ट गडी. उन्हाळा लागला की दर सोमवारी हवामान कचेरीतल्या धाकट्या भावाला फोन करायचा. यंदा भाऊ म्हणाला, “दादा, आठवडाभर कोरडं. पसर बिनधास्त.” यानं सगळ्या कच्च्या विटा उघड्यावर मांडल्या आणि मला ऐटीत सांगितलं, “घरचा अंदाज आहे, आजोबा.”

गुरुवारी दुपारी पाऊस कोसळला आणि विटांचा चिखल व्हायला लागला. प्लास्टिक मागायला हा भावाच्या सासऱ्यांच्या भट्टीवर धावला, तर तिथे एकूण एक वीट झाकलेली. सासरे कौतुकानं म्हणाले, “अंदाज बदलला म्हणून जावईबापूंचा कालच फोन आला.”

यानं भावाला गाठलं. तो म्हणाला, “त्यांना कळवलं नसतं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं. तू काय, आपलाच. समजून घेशील.”

“हो, आपल्यांच्या विटा भिजत नाहीत,” एवढंच हा बोलला.

पुढच्या सोमवारी भावाचाच फोन आला, यानं उचलला नाही. कडकडीत ऊन पडलं, तरी नव्या विटा झाकलेल्याच.

मी म्हटलं, “अरे, ऊन दिसतंय ना डोळ्यांनी?”

“दिसतंय, आजोबा,” तो म्हणाला आणि प्लास्टिकच्या कडेवर त्यानं आणखी एक दगड ठेवला.